रात्री दहाचा फोन

“मुलीला परत बोलावून घेऊ का?” मी समुपदेशक आहे, आणि दिवाळी सरली की परदेशी शिकायला गेलेल्या मुलांच्या घरून हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. मुलं ऑगस्टमध्ये विमानात बसलेली असतात. सप्टेंबरभर तळ्याकाठचे, सायकलींचे, लाल-पिवळ्या झाडांचे फोटो येतात आणि नोव्हेंबर लागला की फोटो थांबतात. पूर्ण पदवीसाठी परदेशी गेलेल्यांच्या घरी असा प्रश्न पडला तरी तो बोलून दाखवत नाहीत, कारण कर्ज काढलेलं असतं. एका सत्रासाठी ‘एक्स्चेंज’वर गेलेल्यांचं तसं नसतं. फी आपल्याच कॉलेजात भरलेली, तिकडच्या विद्यापीठाला वेगळी द्यायची नाही, राहण्या-खाण्याचा खर्च तेवढा आपला. त्यामुळे ‘आत्ता आली तरी काय बिघडलं’ हे म्हणणं सोपं जातं.

ज्यांची गोष्ट सांगते आहे त्या बाई सांगलीकडच्या, बँकेत नोकरी करणाऱ्या. मुलगी पुण्यात भूशास्त्रात एम.एस्सी. करत होती आणि सत्रापुरती स्वीडनला, उप्सालाला गेली होती. तिला इथे मुक्ता म्हणू. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत, आणि दोघींना विचारूनच लिहिते आहे.

आईचा निरोप असा होता: “ताई, रोज फोनवर असते पण बोलत नाही. चेहरा उतरलाय. तिकडे तीन वाजताच अंधार पडतो म्हणे. हे म्हणतात, संपवूनच येईल. मला रात्रीची झोप नाही.”

मी विचारलं, ती स्वतः ‘यायचंय’ असं म्हणाली का?

“म्हणाली नाही. पण आईला कळतं.”

मुक्ताशी बोलले तेव्हा पहिल्यांदा नेहमीचे प्रश्न विचारले. झोप लागते का, अंघोळ होते का, भूक आहे का, तासांना जातेस का. आणि जगण्याचा कंटाळा आलाय, संपवून टाकावं, असं मनात येतं का. हा शेवटचा प्रश्न विचारला की घरची माणसं दचकतात. विचारल्याने भलतंच डोक्यात येईल असं त्यांना वाटतं. तसं होत नाही, उलट ज्याच्या मनात असतं त्याला सांगायला वाट मिळते. मुक्ताने सरळ ‘नाही’ सांगितलं. उशिरा उठत होती, पण तास बुडवत नव्हती. रडू यायचं ते आठवड्यातून एखाद्या वेळी. “परत यावंसं वाटतं का?” यावर थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, “आई रोज विचारते, त्यामुळे आता मलाही वाटायला लागलंय.”

मग मी तिला तिचा दिवस सांगायला लावला. अगदी सकाळपासून, घड्याळ लावून.

ती फ्लोगस्टाला राहत होती. उप्सालाच्या पश्चिमेला विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या सातमजली इमारती आहेत. एकेका कॉरिडॉरला बारा खोल्या आणि बारा जणांत मिळून एक स्वयंपाकघर. खोलीला स्वतःचं न्हाणीघर असतं. सोय म्हणून हे उत्तम, पण त्याचा अर्थ असा की शेजाऱ्याची गाठ पडायची जागा स्वयंपाकघर सोडून दुसरी नाही. आपल्या वसतिगृहात नळापाशी, बाथरूमच्या रांगेत, मेसमध्ये दिवसातून दहा वेळा तोंडं दिसतात. इथे खोलीचं दार लावलं की संपलं.

शिक्षणाची रीतही वेगळी. स्वीडनमध्ये सत्राला ३० क्रेडिट, पण चार विषय बहुधा एकदम चालत नाहीत. साडेसात क्रेडिटचा एक विषय पाच आठवडे शिकवतात, परीक्षा होते, मग पुढचा. आठवड्याला तास मोजकेच आणि बाकी वाचन आपलं आपण. सकाळी नऊपासून प्रॅक्टिकल आणि जर्नलच्या रगाड्यात वाढलेल्या मुलीला दुपारी बारा वाजता ‘आजचं संपलं’ म्हटलं की मोकळं वाटत नाही, पोकळ वाटतं. त्यात दर पाच आठवड्यांनी वर्गातले चेहरे बदलतात. नाव लक्षात येईतो विषय संपलेला असतो.

“आणि रोज रात्री दहाला सगळे खिडकीतून ओरडतात,” ती म्हणाली. मला आधी समजेना. फ्लोगस्टाची ती जुनी प्रथाच आहे: रात्री दहाला खिडकी उघडायची आणि जिवाच्या आकांताने किंचाळायचं. पहिल्या रात्री ती घाबरून पोलिसांना फोन करणार होती. “तू ओरडतेस का?” “नाही. मी दिवा बंद करून ऐकते.” हे मी टिपून ठेवलं.

आता स्वयंपाकघर. ती दुपारी चारलाच जेवण करून ताट खोलीत नेत असे. का? सप्टेंबरमध्ये एकदा तिने मोहरी-मिरचीची फोडणी दिली तेव्हा टेबलाशी बसलेला एक मुलगा उठला, काही न बोलता खिडकी उघडली आणि परत बसला. तिने ओळखलं, आपल्या जेवणाचा वास यांना सहन होत नाही. दुसऱ्या आठवड्यात सिंकवर चिठ्ठी दिसली: भांडी घासून ठेवा. तिने ओळखलं, ही आपल्यालाच.

मी विचारलं, स्वयंपाकघरात आणखी चिठ्ठ्या आहेत का? ती जाऊन बघून आली. फ्रिजवर, ओव्हनवर, कचऱ्याच्या डब्यावर, कपाटाच्या दारावर. काही ती यायच्या कितीतरी आधीच्या. स्वीडिश माणूस तोंडावर भांडत नाही, चिठ्ठी लावतो. सामायिक धुलाईखोल्यांतल्या रागीट चिठ्ठ्या हा तिकडे विनोदाचाच विषय आहे. “म्हणजे ती मलाच नव्हती?” तुलाही असेल, मी म्हटलं. भांडी ठेवली होतीस का तशीच? हसली. त्या संभाषणातलं पहिलं हसू.

खिडकीचं मात्र मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, त्यालाच विचार. एवढंच काम दिलं.

आणि मग तिच्या दिवसातला तो तास सापडला. संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा ती खोलीत, दार लावून, फोनसमोर. आईचा फोन. सांगलीत जेवणं, आवराआवर उरकून आई रात्री दहाला निवांत होते. मुक्ता पुण्याला गेली तेव्हापासूनची ही वेळ, आणि पुण्यात ती बरोबरच होती. मेसचं जेवण आटोपून मुलगीही तेव्हा मोकळी असायची. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे गेली की भारत साडेचार तास पुढे होतो. आपले रात्रीचे दहा म्हणजे उप्सालाचे साडेपाच. आणि स्वीडनमध्ये संध्याकाळचं जेवण पाच-सहालाच होतं. अकरा जण स्वयंपाकघरात पास्ता उकळत, बटाटे सोलत, एकमेकांशी जेमतेम का होईना बोलत असायचे, तो नेमका तास मुक्ता सांगलीत काढत होती.

आईला हे सांगणं अवघड गेलं. “म्हणजे माझ्या फोनमुळे ती एकटी पडली?” मी म्हटलं, फोन हवाच, वेळ बदलायची. त्यांना ते पटलं नाही, लागलं. दोन दिवस त्यांनी फोनच केला नाही आणि मुक्ता घाबरून मलाच विचारायला लागली. आईवडिलांच्या बाबतीत मी इथे जरा कठोर आहे: ‘जेवलीस का, काय जेवलीस, ताट दाखव’ या तपासणीने काळजी आपली शमते, मुलाची नाही. मूल ताट दाखवतं, हसून दाखवतं, आणि फोन ठेवल्यावर दुप्पट थकतं. मुक्ता तर फोनसाठी केस विंचरत असे.

शेवटी बँकेतली जेवणाची सुट्टी ठरली. आपल्याकडे दीड, तिकडे सकाळचे नऊ. आई डबा खाणार आणि मुक्ता विभागाकडे चालत जाणार. व्हिडिओ नाही, नुसता आवाज. रविवारी मात्र हवा तेवढा वेळ.

चालतच जायचं, हा माझा आग्रह अंधारासाठी होता. आईने ऐकलं होतं ते खोटं नाही. उप्साला ६० अक्षांशाच्या जवळ आहे. डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा आणि पावणेतीनच्या सुमारास सूर्यास्त. नोव्हेंबर त्याहून वाईट वाटतो, कारण बहुधा बर्फ टिकलेला नसतो, नुसतं ढगाळ, ओलं, करडं. हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्याला वैद्यकात नाव आहे. १९८४मध्ये नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं, आणि त्यावर सकाळचा प्रखर उजेड हा उपचार आजही वापरतात. मुक्ताला तो आजार होता असं मी म्हणत नाही. पण अकराला उठून तीनला दिवस मावळताना पाहणाऱ्या कुणाचंही मन उतरेल. सकाळी बाहेर पड, उजेड असेल तेवढा अंगावर घे, एवढं सांगायला निदान लागत नाही.

अशा वेळी आमच्या क्षेत्रात एक आलेख दाखवायची पद्धत आहे: आधी आनंद, मग दरी, मग पुन्हा चढ. गंमत म्हणजे तो एका नॉर्वेजियन माणसाच्या अभ्यासातून आला. समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५मध्ये, अमेरिकेत फुलब्राइट शिष्यवृत्तीवर राहून आलेल्या २०० नॉर्वेजियनांच्या मुलाखतींवर लिहिलं. सहा ते अठरा महिने राहिलेल्यांना सर्वांत जड गेलं होतं. म्हणजे आपण ज्यांना अबोल म्हणतो, ती तिकडची माणसंही परक्या देशात एकाकी पडली होती. हे मुक्ताला सांगितलं, तिला आवडलंही. आलेख मात्र मी कुणाला दाखवत नाही. पुढच्या संशोधनात तो फारसा टिकला नाही. अनेकांना पहिले काही आठवडेच सर्वांत वाईट जातात. शिवाय पाच महिन्यांसाठी गेलेल्या मुलीला ‘पुढे चढ आहे’ सांगून काय उपयोग?

तिला समजेल असं दुसरं काहीतरी हवं होतं, आणि ते तिच्याकडेच होतं. पुण्यात ती ढोल-ताशा पथकात ढोल वाजवायची. मी विचारलं, पथकातल्या मैत्रिणी कशा झाल्या? कुणी येऊन ‘मैत्री करशील का’ विचारलं होतं? “छे. सरावाला जायचो. पहिले पंधरा दिवस कुणी विचारत नाही. ढोल ताणायला, उचलायला हात लावला की मग...” ती बोलता बोलता थांबली.

उप्सालात पथकं नाहीत, पण ‘नेशन्स’ आहेत. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी चालवलेल्या तेरा संस्था, सतराव्या शतकापासूनच्या. मुळात एकेका प्रांतातून आलेली मुलं एकत्र यावीत म्हणून निघालेल्या, नावं अजून त्या प्रांतांची, पण आता कुणीही कुठल्याही नेशनचं सदस्य होऊ शकतं. स्वस्त जेवण, गायनवृंद, खेळ, नाटक, आणि हे सगळं चालवायला सतत हात हवे असतात. एक्स्चेंजची मुलं नेशनच्या पार्टीला जातात, गर्दीत उभी राहतात, परत येतात आणि म्हणतात, कुणी बोललं नाही. पार्टीत स्वीडिश लोकही ओळखीच्यांशीच बोलतात. मुक्ताला म्हटलं, पार्टी सोड, स्वयंपाकघरात नाव दे. बटाटे सोलायला, कप धुवायला. शेजारी उभं राहून काम करताना बोलणं आपोआप निघतं आणि नाही निघालं तरी अवघडल्यासारखं होत नाही.

तिने दर गुरुवारी नाव दिलं.

दरम्यान खिडकीवाल्या मुलाला तिने विचारलं. धुराचा अलार्म त्या कोपऱ्यात फार हळवा आहे म्हणे. आदल्या वर्षी पावाच्या तुकड्याने तो वाजला आणि सगळी इमारत कुडकुडत खाली उभी होती. म्हणून त्याने खिडकी उघडली होती. मग त्याने विचारलं की तेलात तडतडतं ते काय. दोन महिने ती ज्यावरून चारला जेवत होती, ते एवढंच होतं.

याचा अर्थ सगळं गोड झालं असा नाही. कॉरिडॉरमधली निम्मी मुलं शेवटपर्यंत ‘हेय’च्या पुढे गेली नाहीत. एक मैत्रीण झाली, उत्तरेकडच्या गावातली, जिला उप्साला शहरही फार गजबजलेलं वाटायचं. डिसेंबरात एका रात्री मुक्ता खिडकीतून ओरडली. “बरं वाटलं का?” “घसा बसला.”

हे वाचून ‘बोलावूच नये’ असा निष्कर्ष काढू नका. मूल दोन-दोन आठवडे अंथरुणातून उठत नसेल, खाणं सुटलं असेल, तासांना जाणं बंद झालं असेल, तर वाट बघायची नाही. स्वीडनमध्ये विद्यार्थ्यांच्या आरोग्यसेवेची सोय करणं विद्यापीठांना नियमानेच बंधनकारक आहे, तिथला समुपदेशक इंग्रजीत बोलतो, आणि मी पुण्यात बसून जे करू शकत नाही ते तो करू शकतो. मुक्तालाही तिथे एकदा जायला लावलंच. आरोग्याच्या सल्ल्याला ११७७, आणि जिवाचा प्रश्न असेल तर ११२. तेव्हा क्रेडिट, खर्च, लोक काय म्हणतील, यातलं काहीही आड येऊ देऊ नये. पहिल्या विमानाने आणावं किंवा आपण जावं. विषय एकामागून एक होत असल्याने तोवर संपलेले हाती राहतात, सगळं सत्र वाया जात नाही.

मुक्ता ठरल्याप्रमाणे जानेवारीत परतली. मुदत वाढवून मागता आली असती, तिने मागितली नाही, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. चारपैकी तीन विषय सुटले. पहिला, सप्टेंबरातला, राहिला. त्याची फेरपरीक्षा इथून देता येईल का आणि नाही दिली तर पुण्याचं कॉलेज उरलेली क्रेडिट कशी भरून घेणार, यावर तिची पत्रापत्री चालू आहे. आईने त्याबद्दलही मलाच फोन केला होता. परीक्षा विभागाला विचारा, म्हटलं.