वाचकांचे प्रश्न : बेन होगनची पकड

प्रश्न : विश्रामबागच्या मैदानात जाळी बांधून गोल्फचा सराव करतो. मी उजव्या हाताने खेळतो, पण चेंडू जोरात डावीकडे वळतो. प्रसिद्ध अमेरिकन गोल्फपटू बेन होगनलाही हाच त्रास होता म्हणे? – एक वाचक, सांगली

उत्तर : होता, आणि त्यात त्याची उमेदीची बरीच वर्षे गेली. चेंडूला बसताना क्लबचा (गोल्फच्या काठीचा) फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, बंद होतो, म्हणजे डावीकडे वळतो, म्हणून हा हुक, म्हणजे डावीकडे वळणारा फटका, होतो. बहुतेकदा दोष डाव्या हाताचा असतो. पकड घेतल्यावर खाली पाहा. डाव्या हाताच्या तीन बोटांच्या मुळाची पेरे दिसत असतील, तर हात उजवीकडे फार वळलाय. दोनच दिसतील इतका तो डावीकडे फिरवा, अंगठा दांड्याच्या जवळजवळ माथ्यावर ठेवा. होगनने हेच केले, अंगठा दांड्यावर थोडा मागे ओढून आखूडही घेतला. अति केलेत तर फेस उघडा राहून चेंडू उजवीकडे जाईल. म्हणून एका वेळी अगदी थोडेच फिरवा आणि वीस-पंचवीस फटके मारून पाहा. मात्र जाळीत वळण दिसत नाही, त्यासाठी मोकळे रानच हवे.

फेब्रुवारी 1949 मध्ये होगनच्या मोटारीला बसची धडक बसली. कंबरेचे हाड, गळपट्टीचे हाड, घोटा मोडला. तरीही जून 1950 मध्ये पायांना पट्ट्या बांधून, यूएस ओपन स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी 36 होल (दोन पूर्ण फेऱ्या) चालून त्याने पहिल्या स्थानासाठी बरोबरी साधली आणि दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक फेरीत 69 फटक्यांत ती जिंकली. त्याने जिंकलेल्या नऊपैकी सहा मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मोठ्या स्पर्धा, अपघातानंतरच्या आहेत, त्यातल्या तीन एकट्या 1953 च्या.