ॲबोरिजिनल, ॲक्टिव्हिस्ट, ॲडमिनिस्ट्रेटर: मराठीत काय लिहावं?

प्रश्न असा आहे: ऑस्ट्रेलियातल्या चार्ल्स पर्किन्स यांचा परिचय मराठीत लिहिताना पहिल्याच ओळीत गाडी अडली. मूळ वर्णन ‘ॲबोरिजिनल राइट्स ॲक्टिव्हिस्ट अँड ॲडमिनिस्ट्रेटर’. त्याचं ‘मूलनिवासी हक्क कार्यकर्ते आणि प्रशासक’ असं केलंय, पण कानाला बरं वाटत नाही. काय करावं?

कान बरोबर आहे तुमचा. या तिन्ही शब्दांना मराठीत आधीपासून मालक आहेत, म्हणून ते तिथे अवघडून बसलेत.

शेवटच्या शब्दापासून सुरुवात करतो, कारण तो सरळ चुकलाय. ‘प्रशासक’ म्हटलं की मराठी माणसाला काय दिसतं? महापालिकेची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, प्रशासक बसला. बाजार समिती बरखास्त झाली, प्रशासक नेमला. म्हणजे लोकांनी निवडून दिलेली माणसं घरी गेली आणि वरून एक साहेब आला. पर्किन्स यांच्या बाबतीत यामुळे दुहेरी घोटाळा होतो, कारण ते ज्या ॲलिस स्प्रिंग्जमध्ये जन्मले त्या नॉर्दर्न टेरिटरीत ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नावाचं खरोखरीचं पद आहे, आपल्याकडच्या नायब राज्यपालाच्या जवळपास जाणारं. पर्किन्स त्या पदावर कधीच नव्हते. ते १९८४ ते १९८८ या काळात ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारातल्या ॲबोरिजिनल व्यवहार खात्याचे सेक्रेटरी होते. केंद्रातल्या एखाद्या खात्याच्या प्रमुखपदी बसलेले ते पहिले ॲबोरिजिनल. यासाठी मराठीत तयार शब्द आहे, ‘सचिव’. मंत्रालयात गेलेल्या कुणालाही कळतो. मग ‘प्रशासक’ कशाला?

आता ‘ॲबोरिजिनल’. लॅटिनमधल्या ‘अब ओरिजिने’पासून तो आला, अर्थ ‘आरंभापासून’. आदि + वासी हे त्याचं जवळजवळ अक्षरशः मराठी रूप आहे. योगायोग म्हणावा, तर तसंही नाही. इंग्रज अमदानीत इकडच्या वारली, कातकरी, भिल्लांनाही सरकारी कागदांत ‘ॲबोरिजिनल’ हाच शब्द होता. मुंबई इलाख्यातल्या डोंगरी जमातींवरचा सिमिंग्टन यांचा १९३०च्या दशकातला अहवाल घ्या किंवा समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांचं १९४३चं पुस्तक, दोन्हींच्या शीर्षकात तोच शब्द. घुर्यांनी त्याला ‘सो-कॉल्ड’ची, म्हणजे ‘तथाकथित’ची शेपटी लावली, कारण या लोकांना वेगळं आदिवासी मानणंच त्यांना मान्य नव्हतं. तेव्हा जो शब्द इंग्रजीत डहाणूला आणि ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात एकच होता, तो मराठीत दोन्हीकडे ‘आदिवासी’ असायला माझी हरकत नाही.

‘मूलनिवासी’ टाळा असं मी म्हणतो ते शब्द वाईट म्हणून नव्हे. महाराष्ट्रात तो बहुजन चळवळीने घडवलेला, अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींना एकत्र बांधणारा शब्द आहे. वाचकाच्या डोक्यात तो वाद आपोआप सुरू होईल आणि तुमचा ॲलिस स्प्रिंग्जचा माणूस मागे राहील. शिवाय ९ ऑगस्टचा संयुक्त राष्ट्रांचा दिवस आपल्याकडच्या लोकांनी ‘जागतिक आदिवासी दिन’ म्हणून उचलला. म्हणजे ज्यांचा शब्द आहे त्यांनीच त्याच्यात जगातल्या इतरांना जागा करून दिलीय.

दोन पथ्यं मात्र पाळा. पहिल्यांदा ‘ऑस्ट्रेलियातले ॲबोरिजिनल आदिवासी’ असं पुरतं लिहा, मग नुसतं ‘आदिवासी’ चालेल. टोरेस सामुद्रधुनीतले बेटवासी हा वेगळा समाज आहे, त्यांना यात कोंबू नका. दुसरं, इंग्रजीत ‘ॲबोरिजिनी’ हे नाम आता तिकडे अपमानकारक मानतात आणि विशेषणाचा ए मोठ्या लिपीत काढतात. देवनागरीत मोठं अक्षरच नाही, त्यामुळे हा मान आपल्याला वाक्यातूनच द्यावा लागतो. शक्य तिथे माणसाचा समाज सांगा. पर्किन्स यांच्या आई हेटी अरेर्न्टे समाजाच्या. उच्चार साधारण ‘अरंडा’सारखा करतात, म्हणून जुन्या पुस्तकांत ‘अरुंटा’ही सापडेल. वडील ‘कल्कडून’ समाजाचे.

तुमच्या मजकुरात पुढे ‘हाफ-कास्ट’ (आदिवासी आणि गोऱ्या अशा मिश्र वंशाची मुलं) येणारच, कारण १९३६ साली पर्किन्स जन्मले ते ॲलिस स्प्रिंग्जच्या जुन्या तारघरात, आणि तिथे तेव्हा सरकारने नेमक्या याच मुलांसाठी ‘बंगलो’ नावाचं वसतिगृह चालवलं होतं. बंगलो हा शब्दही इकडचाच, पण वस्तू अगदी वेगळी. ‘मिश्रवंशीय’ लिहू नका. तो फार सोज्वळ शब्द आहे. यातला ‘कास्ट’ म्हणजे पोर्तुगिजांचा ‘कास्ता’, जो त्यांनी हिंदुस्थानात आल्यावर आपल्या जातीला लावला. इंग्रजांनी तो उचलला आणि पार मध्य ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटात लहान पोरांच्या कपाळी चिकटवला. ‘हाफ-कास्ट’ तसाच ठेवा, अवतरणात. मराठी वाचकाला त्यातली जात ऐकू येते, येऊ द्या. तसंच ‘चीफ प्रोटेक्टर’, आदिवासींवर देखरेखीसाठी सरकारने नेमलेला अधिकारी. भाषांतर ‘मुख्य संरक्षक’, पण हा अधिकारी या मुलांचा कायदेशीर पालक असे, आई जिवंत असली तरी. एवढं अर्धं वाक्य जोडलंत की ‘संरक्षक’ शब्दातला विनोद वाचकाला आपोआप कळेल.

‘ॲक्टिव्हिस्ट’ला ‘कार्यकर्ता’ चालतो, पण आजकाल कार्यकर्ता म्हणजे साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावणारा. मी ‘चळवळीतले कार्यकर्ते’ लिहीन. पर्किन्स ॲडलेडला फिटर-टर्नर झाले, फुटबॉलपायी इंग्लंडला जाऊन एव्हर्टनसारख्या क्लबात चाचणी देऊन आले, परतल्यावर ॲडलेडच्या क्रोएशियन आणि सिडनीच्या ग्रीक स्थलांतरितांच्या क्लबांतून खेळले आणि सिडनी विद्यापीठात शिकायला लागले. फेब्रुवारी १९६५मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांची बस आदिवासींशी होणाऱ्या भेदभावाविरुद्ध न्यू साउथ वेल्सच्या गावांतून फिरली, तीच ‘फ्रीडम राइड’. नाव अमेरिकेतल्या १९६१च्या वर्णभेदविरोधी बसफेऱ्यांवरून घेतलेलं, म्हणून ‘स्वातंत्र्ययात्रा’ करू नका, तसंच राहू द्या. वॉलगेटमध्ये माजी सैनिकांच्या क्लबात आदिवासी सैनिकांना प्रवेश नव्हता, तिथे विद्यार्थी फलक घेऊन उभे राहिले. मोरी गावात नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर आदिवासींना बंदी होती. पर्किन्स आदिवासी मुलांना घेऊन फाटकाशी गेले, जमावाने अंडी आणि टोमॅटो फेकले, शेवटी मुलं पाण्यात उतरली. मराठी वाचकाला इथे १९२७चं महाड आठवेल. आठवू द्या, पण तुम्ही ‘सत्याग्रह’ लिहू नका, त्यांनी तो शब्द वापरला नव्हता.

एक चूक मराठी लेखांत हमखास दिसते: १९६७च्या सार्वमताने आदिवासींना मताधिकार मिळाला. केंद्रीय निवडणुकांत तो १९६२लाच मिळाला होता. सार्वमतात ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला तो राज्यघटनेतल्या दोन बदलांना: लोकसंख्या मोजताना आदिवासींना वगळणारं कलम गेलं आणि त्यांच्यासाठी कायदे करण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. हे सांगायलाच हवं, कारण त्या अधिकारातूनच राजधानी कॅनबेरात आधी एक कार्यालय आणि पुढे खातं उभं राहिलं. १९६९मध्ये पर्किन्स त्या कार्यालयात नोकरीला लागले.

आणि इथे तुमचा सगळ्यात छोटा शब्द, ‘आणि’. ‘कार्यकर्ते आणि सचिव’ वाचलं की वाटतं, तरुणपणी चळवळ केली, पुढे खुर्ची मिळाली. तसं नव्हतं. खुर्चीत बसूनही ते सरकारांवर जाहीर तोंडसुख घेत राहिले. एकदा त्यांचं निलंबन झालं, आणि १९८८मध्ये मंत्र्यांशी बिनसून, कारभारावरच्या आरोपांच्या धुरळ्यात पद सोडावं लागलं. म्हणून मी असं लिहीन: ‘ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल आदिवासींच्या हक्कांसाठी लढणारे आणि लढतालढताच सरकारात सचिवपदापर्यंत गेलेले चार्ल्स पर्किन्स’. लांब झालं, कबूल. ‘सचिव असतानाही चळवळीतलेच राहिलेले’ हेही चालेल.

शेवटच्या परिच्छेदात त्यांच्या निधनाची नोंद येईल, ऑक्टोबर २०००. आपला हात लगेच ‘कै.’कडे जातो. मध्य ऑस्ट्रेलियातल्या समाजांत मृताचं पहिलं नावच काही काळ उच्चारत नाहीत, त्या जागी ‘कुमंजाय’ म्हणतात, आणि त्या दिवसांत त्यांचा उल्लेख ‘कुमंजाय पर्किन्स’ असा होत होता. ‘कै.’ काढून टाका, आणि जमलं तर ही ओळ घाला.