तुमचा आजवरचा सर्वांत आवडता बँड किंवा कलाकार कोणता? एकच नाव घ्यायचं झालं तर?

एकच नाव म्हणालात तिथेच पंचाईत झाली, कारण माझ्या आवडत्या बँडला नावच नव्हतं.

म्हणजे नावाचे बँड मला वर्ज्य आहेत असं नाही. बीटल्स ऐकून झालेत, इंडियन ओशनच्या 'कंदिसा'ची कॅसेट मी झिजवली आहे, आणि कुमार गंधर्व लागले की घरातले लोक मला हाक मारायच्या भानगडीत पडत नाहीत. पण खरं सांगायचं तर ज्यांचं वाजवणं मी सर्वांत जास्त वेळा, अगदी फीत ताणली जाईपर्यंत ऐकलंय, ते म्हणजे राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांमागे बसलेले वादक. पंचम मोठा संगीतकार, त्यात वादच नाही. माझं बोट मात्र त्याच्या मागच्या खुर्च्यांकडे आहे.

हे वेड लागलं १९८७च्या सुमारास. डोंबिवलीत आमचा एक ऑर्केस्ट्रा होता. ऑर्केस्ट्रा कसला, गणपतीत चार मंडळं, लग्नसराईत दोन हॉल. मी साइड रिदमला. काँगो या हातानं वाजवायच्या उभ्या ढोलाला आमच्यात तुंबा म्हणतात, तो मी वाजवायचो, आणि ज्या वाद्याला दुसरं कुणी नसेल ते वाद्य आपोआप माझ्या गळ्यात पडायचं. एका वर्षी 'चुरा लिया है तुमने जो दिल को' बसवायचं ठरलं. गिटारवाल्यानं आठवडाभर घासून सुरुवातीचा पीस काढला. पण त्याच्या आधी जी किणकिण आहे ती कशाची, यावर तालमीत भांडणं. कुणी म्हणे ट्रँगल, कुणी म्हणे घुंगरू. टेपरेकॉर्डरवर तेवढाच तुकडा मागे-पुढे करून फीत इतकी सैल झाली की आशाबाईंचा आवाज मधेच जाडा व्हायला लागला.

शेवटी ऑर्केस्ट्रातले अकॉर्डियन वाजवणारे काका म्हणाले, "अरे ग्लास आहे तो. काचेचा. वर चमचा." ते तरुणपणी रेकॉर्डिंगला जायचे, सी ग्रेडचे वादक म्हणून, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होतं. मी घरून स्टीलचा पेला आणला. आवाज असा आला की जणू देवळात आरती सुरू झाली. मग आईच्या नकळत शोकेसमधला सरबताचा ग्लास आणला. त्यात पाणी ओतायचं, गिटारशी सूर लावून बघायचा, घोटभर प्यायचं, पुन्हा बघायचं. पाऊण ग्लासाला सूर बसला. पहिल्या कार्यक्रमात टाळ्या मिळाल्या. दुसऱ्या कार्यक्रमात हात जरा जड पडला, ग्लास तडकला आणि पाणी माइकच्या वायरवर. साउंडवाल्यानं मला स्टेजवरच, सुरू गाण्यात, ज्या शिव्या घातल्या त्या पहिल्या तीन रांगांनी ऐकल्या. सहाच्या सेटमधले पाच ग्लास अजून आमच्या घरी आहेत आणि सहाव्याचा विषय अजून निघतो.

त्या रात्री मी कॅसेटचं वेष्टन उलटसुलट करून बघितलं. 'यादों की बारात', १९७३. संगीतकाराचं नाव, मजरूह सुलतानपुरींचं नाव, आशा, रफी, किशोर. गिटार कुणाची, त्याचा पत्ता नाही. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की ती गिटार भूपिंदर सिंगची. तोच भूपिंदर, ज्याचा घोगरा, थकल्यासारखा आवाज आपण गझलांमध्ये ऐकतो. 'दम मारो दम'ची गिटारही त्याचीच. मी दहा वर्षं एकाच माणसाला दोन माणसं समजत होतो!

मग नादच लागला. जुने वादक कुठे बोलणार असतील, कुणाची मुलाखत छापून आली असेल, ते गोळा करायचं. त्यातून हळूहळू हा बँड माझ्यासमोर उभा राहिला. सॅक्सोफोनला मनोहारी सिंग. 'गाता रहे मेरा दिल'मध्ये किशोर-लताच्या मधे जो सॅक्स शिरतो, तो त्यांचा. अकॉर्डियन आणि पुढे कीबोर्डला केर्सी लॉर्ड. यांचे वडील कावस लॉर्ड आणि भाऊ बुर्जोर, दोघेही तालवादक, म्हणजे अख्खं पारशी घर स्टुडिओत. 'रूप तेरा मस्ताना' (१९६९, संगीत अर्थात पंचमच्या वडिलांचं, सचिनदा बर्मन यांचं) लावा आणि किशोरकुमार श्वास घेतो तिथे लक्ष द्या. तिथे जो उसासा टाकतो तो केर्सींचा अकॉर्डियन. 'शोले'त अमिताभ ओठाला लावतो तो माउथ ऑर्गन भानू गुप्तांचा. एरवी ते गिटार वाजवत. मादलला, म्हणजे नेपाळी ढोलकीला, दार्जिलिंगचे रणजित गजमेर, ज्यांना सगळे कांचा म्हणत. तबल्याला आणि एकूण तालाच्या कारभाराला मारुतीराव कीर. रेसो-रेसो, म्हणजे ते खाचा असलेलं खर्र-खर्र वाजणारं वाद्य, त्याला अमृतराव काटकर. (आमच्या ऑर्केस्ट्रात रेसो-रेसो नव्हता. मी खोबऱ्याची किसणी आणि काटा चमचा वापरायचो. लांबून कळत नाही.) संतूरला उल्हास बापट, ज्यांनी संतूरच्या तारा बाराही स्वरांत लावून घेतल्या होत्या, त्यामुळे गाणं कुठेही वळलं तरी पुन्हा जुळवत बसायला नको.

नेपाळी, पारशी, बंगाली, शीख, मराठी, आणि हो, गोव्याचे! गोवेकरांवाचून हा सगळा कारखानाच बंद पडला असता.

याचं कारण तसं सरळ आहे. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या गावोगावच्या चर्चच्या शाळांत पोरांना सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीचं स्वरज्ञान, आणि व्हायोलिन शिकवत. पोरगं दहा-बारा वर्षांचं होईतो नोटेशन घडाघडा वाचायचं, आपण पेपर वाचतो तसं. मुंबईच्या बहुतेक संगीतकारांना चाल सुचायची, पण साठ-सत्तर वादकांनी एकाच वेळी काय वाजवायचं हे कागदावर उतरवायला माणूस हवा. तो माणूस बहुधा गोव्याचा असायचा. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसूझा. पुणतांब्याचे चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्याकडे हळदोण्याचे चिक चॉकलेट, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, पठ्ठ्या ट्रम्पेट असा वाजवायचा की 'अलबेला'तली गाणी सत्तर वर्षांनंतरही वरातीत चालतात. आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. त्यांच्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'मध्ये शिष्यानं गुरूचं नाव थेट गाण्यात घातलं. अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन ते नाव सांगतो तेव्हा देशभर लोक हसले, पण त्या नावाचा माणूस खरोखर आहे, हे त्यातल्या कितीजणांना माहीत होतं?

अकॉर्डियनवाले काका रेकॉर्डिंगच्या गोष्टी सांगायचे तेव्हा आम्ही तालीम थांबवून ऐकायचो. बराच काळ गायक आणि सगळे वादक एकाच वेळी वाजवायचे. टेक रंगात आलाय, गाणं शेवटच्या अंतऱ्यापर्यंत पोचलंय आणि मागच्या रांगेतल्या एका व्हायोलिनचा सूर घसरला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. काका म्हणायचे, चूक झाली की लगेच कुणी मागे वळून बघायचं नाही, तो रिवाज होता. ज्याची झाली त्याला ठाऊक असतं. पैसे शिफ्टवर. शिफ्ट संपली की वाद्य पेटीत, पेटी टॅक्सीत, आणि पुढच्या स्टुडिओत दुसऱ्या संगीतकाराकडे. संध्याकाळी घरी गेल्यावर बायकोनं विचारलं आज काय वाजवलं, तर चित्रपटाचं नाव सांगता येईलच असं नाही.

पंचमकडे मात्र जायला वादक उत्सुक असत, कारण तिथे काय वाजवायला लागेल याचा नेम नसे. 'महबूबा महबूबा'च्या सुरुवातीला रिकाम्या-अर्ध्या बाटल्यांच्या तोंडावर फुंकर मारलीय. 'पडोसन'मधल्या खिडकीवाल्या गाण्यात कंगवा खरवडलाय. 'सत्ते पे सत्ता'त तो खुनी बाबू पडद्यावर येतो तेव्हा मागे घशातून जो विचित्र आवाज येतो, त्या ॲनेट पिंटो नावाच्या गायिकेनं केलेल्या गुळण्या आहेत. आणि माझं लाडकं 'किताब'मधलं (१९७७) 'मास्टरजी की आ गई चिठ्ठी'. शाळेच्या वर्गातलं गाणं, म्हणून पंचमनं तबला-ढोलक बाजूला ठेवून स्टुडिओत शाळेची बाकं आणवली आणि ती बडवली. गायला कोल्हापुरे घराण्यातल्या दोन मुली, शिवांगी आणि पद्मिनी. हे गाणं आम्ही बसवलं तेव्हा मंडळाच्या ऑफिसातलं टेबल स्टेजवर नेलं होतं. खजिनदार नाराज झाले, कारण खणात पावतीपुस्तकं होती आणि ती तालात उडत होती.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची साठच्या दशकातली गाणी ज्यांनी वाजवली ते फंक ब्रदर्स असेच, वर्षानुवर्षं बिननावाचे. त्यातल्या जेम्स जेमर्सनची बेस गिटार ऐकून अर्ध्या जगानं बेस शिकला, पण मोटाउनच्या तबकडीच्या वेष्टनावर वादकांची नावं यायला १९७१ साल आणि गायक मार्विन गे उजाडावा लागला.

मराठीत बघायचं तर अनिल मोहिले व्हायोलिनवाले आणि अरुण पौडवाल अकॉर्डियनवाले. सचिनदांच्या हाताखाली घडले, दोघांनी मिळून अनिल-अरुण नावानं चाली दिल्या, आणि 'अष्टविनायक' (१९७९) आलं. 'प्रथम तुला वंदितो' ऐकल्याशिवाय आपला एक गणपती जात नाही. वादकाच्या खुर्चीतून उठून पुढे आलेली माणसं चाल बांधतात तेव्हा मधले पीससुद्धा गुणगुणण्याजोगे असतात, हे माझं मत. त्यावर वाद घाला, पण आधी ते गाणं शब्द सोडून नुसतं वाद्यांसाठी ऐका.

पुढे ऐंशीच्या दशकाअखेरीस कीबोर्ड आणि रिदम मशीन आली आणि साठ जणांचं काम चौघांत भागायला लागलं. आमच्याही ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड आला, किसणी स्वयंपाकघरात परत गेली. मी रडगाणं गात नाही, ऑक्टोपॅड मलाही आवडला होता, आठ पॅडवर आठ वाद्यं. पण त्यात ग्लासचा आवाज होता तो कायम एकाच सुरात लागायचा, पाणी पिऊन सूर कमी-जास्त करायची सोय नव्हती.

तर एकच नाव हवंच असेल तर आज मी रणजित गजमेर लिहितो. उद्या विचाराल तर केर्सी लॉर्ड सांगेन. 'घर' (१९७८) मधलं 'तेरे बिना जिया जाये ना' चांगल्या इअरफोनवर लावा, आणि अवघड आहे हे मान्य करून सांगतो, लताबाईंकडे लक्ष देऊ नका. त्यांच्या आवाजाखाली मादल चालू आहे, सुरात, जणू तालवाद्यालाच गायचंय. पहिल्यांदा नाही सापडला तर मागे घेऊन पुन्हा लावा. आता फीत ताणली जायची भीती नाही.