बाबांनी ट्रॅकची नोकरी कधी सोडावी?

तुम्ही विचारलंय की बाबा रेल्वेत ट्रॅकमन आहेत, म्हणजे रुळांची देखभाल करतात, वय 56, दोन्ही गुडघे गेलेत. घरात कोणी म्हणतं व्हीआरएस घ्या, कोणी म्हणतं चार वर्षं कशीबशी काढा. मग थांबायचं कधी?

मी बडोद्याचा. 31 वर्षं ट्रॅकवर होतो, शेवटची 14 की-मॅन म्हणून. 2019 साली, वयाच्या 57व्या वर्षी, नोटीस देऊन बाहेर पडलो. 'कशीबशी काढा' वाचलं आणि राहवलं नाही. हा सल्ला देणारा माणूस आयुष्यात कधी खडीवरून चाललाय का, ते आधी विचारा. रुळावरची नोकरी कशीबशी करता येत नाही. कशीबशी करणाऱ्याला ती मारते, नाहीतर त्याच्या चुकीपायी दुसरा कोणी मरतो.

की-मॅनचं काम लोकांना फिरायचं काम वाटतं. सकाळी खांद्यावर हातोडा, पाना, लाल-हिरवी झेंडी, पिशवीत ड्रायव्हरला धोक्याचा इशारा द्यायचे फटाके घेऊन निघायचं आणि आपल्या बीटचे, म्हणजे आपल्या वाट्याच्या लाइनीचे, पाच-सहा किलोमीटर बघत जायचं. एका किलोमीटरला 1,660 स्लीपर, म्हणजे रुळाखालचे आडवे ठोकळे, आणि एका स्लीपरला रूळ धरून ठेवणाऱ्या चार पँड्रॉल चाव्या. म्हणजे एकाच लाइनीच्या एका किलोमीटरला साडेसहा हजारांहून जास्त चाव्या नजरेखालून घालायच्या. घट्ट चावीवर हातोडा पडला की टण्ण वाजतं आणि हाताला झिणझिणी येते. ढिली चावी थप्प करते, हाताला काहीच लागत नाही. तो आवाज मला अजून झोपेतही ओळखता येईल. या कामाचा मला अभिमान आहे. माझ्या बीटवरून रोज हजारो माणसं झोपेत मुंबईला गेली आणि त्यांना माझा पत्ताही लागला नाही, कारण चाव्या घट्ट होत्या.

गुडघा माझाही 50च्या पुढे बोलायला लागला होता. त्याचं मला काही वाटलं नाही. ट्रॅकवाल्याचा गुडघा दुखायचाच. पट्टा बांधायचा, रात्री तेल चोळून घ्यायचं, सकाळी निघायचं.

2018 च्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळचे नऊ-साडेनऊ, बारीक पाऊस. डाउन लाइनीवर एक चावी निम्मी बाहेर आलेली दिसली म्हणून उकिडवा बसलो आणि ती बसवायला लागलो. तेवढ्यात शेजारच्या अप लाइनीवर मालगाडी आली. लांबलचक, भरलेली. मालगाडी शेजारून जाताना जमीन अशी थरथरते की दुसरा आवाज कानात शिरतच नाही. ट्रॅकवरची कितीतरी माणसं अशीच जातात, एका गाडीकडे बघत असताना दुसरीखाली. हे मी नव्या पोरांना स्वतः शिकवायचो: शेजारून गाडी जात असेल तर आपलं काम थांबवा आणि दोन्ही लाइनी सोडून उभे राहा. त्या दिवशी मात्र मी उठलो नाही. का, तर एकदा बसलं की पुन्हा उठायला त्रास व्हायचा. तेवढी चावी मारून एकदाच उठू, असा विचार केला. चूक सर्वस्वी माझी, त्यात दुसऱ्या कोणाचा काही दोष नाही.

मान वळवली तर डाउनवर इंजिनाचा दिवा. मी उठायला गेलो आणि उजवा गुडघा उघडलाच नाही. अडकला. हातावर भार टाकून, खडीवर घासत, बाजूच्या उतारावर अंग लोटून दिलं. हातोडा हातातून केव्हा सुटला ते कळलं नाही. गाडी गेली. तिच्या वाऱ्याने सदरा पाठीवरून वर ओढला गेला, ते मात्र नीट आठवतं. दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती, खडीचा एक बारीक तुकडा अंगठ्याखाली रुतला होता. पाच मिनिटं तसाच बसून राहिलो, मग उठून ती चावी पूर्ण मारली. घरी तळहातांबद्दल सांगितलं की पाय घसरला.

आठ दिवस कोणाला बोललो नाही. मग एका रविवारी घरातल्या घड्याळाखाली उकिडवा बसलो, बायकोला काटा बघायला सांगितलं आणि उठून पाच पावलं चाललो. नऊ सेकंद. पुन्हा केलं, पुन्हा तेवढेच. आता हिशोब बघा. ताशी 130ने येणारी गाडी एका सेकंदाला 36 मीटर कापते. वळणावर ती 400 मीटरवर दिसली तर तुमच्या हातात 11 सेकंद. मला नऊ लागत होते, आणि तेही कोरड्या फरशीवर, हातात काही नसताना, सगळं लक्ष काट्याकडे असताना. गाडी येण्याच्या कितीतरी आधी बाजूला झालेलं असायला हवं असा नियम आहे, तो काय उगाच नाही. बायकोने विचारलं, हे काय चाललंय? तेव्हा तिला खरं सांगितलं. त्याच आठवड्यात अर्जाचं बोलणं सुरू केलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दुखतंय की नाही हे बघू नका, किती सेकंद लागतात ते बघा. आणि बाबा दुखणं लपवायला लागलेत का, ते बघा. बाबा गँगमध्ये, म्हणजे टोळीने काम करणाऱ्यांत, असतील तर त्यांच्या जोडीदारांना बाजूला घेऊन विचारा. त्यांच्या वाटचं वजन दुसरं कोणी उचलतंय का? 60 किलोचा रूळ म्हणजे मीटरला 60 किलो, 13 मीटरचा तुकडा 780 किलोचा. तो खांद्यावर असताना एकाचा पाय लटपटला की वजन शेजारच्याच्या अंगावर जातं. जोडीदार तोंडावर काही बोलत नाहीत, सांभाळून घेतात. पण ते सांभाळून घेताहेत हे कळलं की निर्णय झाला असं समजा.

आता माझ्या दादाबद्दल. त्याच्यामुळेच हे इतकं लिहितोय. रेल्वेत एक योजना होती, लार्सजेस म्हणायचे तिला. 2004 साली ड्रायव्हर आणि गँगमनसाठी निघाली, 2010 मध्ये तिची अट सैल झाली: वय 50 ते 57 आणि 20 वर्षं सेवा झाली असेल तर आपण निवृत्ती घ्यायची आणि जागेवर पोराला लावायचं. मी 2012 साली 50चा झालो आणि दादा मागे लागला, फॉर्म भर. मी भरला नाही. तेव्हा माझं अंग धड होतं. आणि पोराला हा हातोडा द्यायची माझी इच्छा नव्हती, त्यालाही तो नको होता. तो तेव्हा लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होता. पुढे 2016 मध्ये हायकोर्टाने योजनेवर ताशेरे ओढले, नोकरी वारशाने देता येत नाही म्हणून, आणि 2018 मध्ये ती बंदच झाली. त्यानंतर मी बाहेर पडलो.

तेव्हापासून दरवर्षी गौरी-गणपतीला मांजलपूरला दादाच्या घरी पान वाढलं की विषय निघतो. "नोकरी मिळत होती तेव्हा चिकटून बसलास, आणि काही मिळणार नव्हतं तेव्हा सोडलीस. तीन वर्षं अजून काढली असतीस तर काय बिघडलं असतं?" दादाने मंगळबाजारात कापडाच्या दुकानात चाळीस वर्षं हिशोब लिहिले. मान मोडून काम केलं, त्याबद्दल मला आदर आहे. पण गादीवरच्या माणसाला 60 म्हणजे 60. ट्रॅकवर 60 हा सरकारचा आकडा, शरीराचा आकडा ज्याचा त्याचा वेगळा. 50व्या वर्षी माझं शरीर कामाला लायक होतं म्हणून मी थांबलो नाही, 57व्या वर्षी नव्हतं म्हणून थांबलो. दोन्ही वेळी मी एकच माप लावलं. पोरगा आज अलकापुरीत एका लॅबमध्ये आहे, बसून काम करतो, संध्याकाळी स्वतःच्या पायाने घरी येतो.

पैशाचं थोडक्यात. बाबा 1 जानेवारी 2004 च्या आधी लागले असतील तर जुनी पेन्शन. 20 वर्षं भरली असतील तर तीन महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडता येतं आणि पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी. 56 ते 60 मध्ये चार इन्क्रिमेंट, दरवर्षी 3 टक्के, म्हणजे पेन्शनमध्ये साडेबारा टक्क्यांच्या आसपास फरक. चार वर्षांचा पूर्ण पगार जातो आणि निम्मी पेन्शन हातात येते, खरी झळ ती. ग्रॅच्युइटीतही थोडं कमी पडतं. आधी कॅज्युअलमध्ये, म्हणजे रोजंदारीवर, काम केलं असेल तर टेम्पररी स्टेटस मिळाल्यापासून कायम होईपर्यंतचा काळ निम्मा धरतात, तो सर्व्हिस बुकात चढलाय का ते आत्ताच बघून घ्या. निवृत्तीनंतरच्या मेडिकल कार्डासाठीही 20 वर्षांचीच अट आहे.

आणि एक गोष्ट, जी मी केली नाही आणि तुम्ही करावी. व्हीआरएसच्या आधी बाबांना रेल्वेच्या डॉक्टरांकडे पाठवा. ट्रॅकमनला बी-वन हा वैद्यकीय दर्जा लागतो. त्यात अनफिट ठरले तर सी-वन किंवा सी-टू या खालच्या दर्जाच्या कामावर टाकता येतं, कार्यालयात, स्टोअरमध्ये, आणि पगार तोच राहतो. कायद्याने संरक्षण आहे, नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढून टाकता येत नाही. मी घाईत होतो, हा रस्ता धरलाच नाही. मला बसून काम मिळालं असतं तर कदाचित 60 पर्यंत राहिलो असतो. तेवढं दादाचं म्हणणं मान्य.

घरात मुलीचं लग्न, घराचं कर्ज असं काही असेल तर माझा हिशोब तुम्हाला जसाच्या तसा लागू होणार नाही. माझं कर्ज फिटलेलं होतं.

बाबा कधी रुजू झाले ते तुम्ही लिहिलं नाही. 2004 नंतरचे असतील तर वर लिहिलेलं पेन्शनचं सगळं सोडून द्या. नव्या युनिफाइड पेन्शन योजनेत लवकर बाहेर पडलं तरी पैसे 60व्या वर्षापासूनच सुरू होतात, तेव्हा मधली वर्षं कशावर काढायची हे आधी बघावं लागेल. तारीख कळवा. आणि या रविवारी घड्याळ लावून बघा.