जुन्या ओपन सोर्स गेमचा कोड साफ करायचा तर सुरुवात कुठून करावी?

डूम या जुन्या शूटिंग गेमच्या एका पोर्टमध्ये (मूळ कोडवरून बनवलेल्या नव्या आवृत्तीत) तुम्ही हातभार लावताय, फंक्शनं दोन-दोन पानांची आहेत, ग्लोबल व्हेरिएबलचा सुळसुळाट आहे, आणि सगळं नव्याने लिहून काढावंसं वाटतंय, असं तुम्ही म्हणता. नका लिहू. डेमो, म्हणजे रेकॉर्ड करून ठेवलेले खेळ, चालवून तपासायची सोय होत नाही तोवर खेळाच्या गाभ्याला हात लावू नका.

इतकं ठासून सांगतोय, कारण मी यावरूनच भांडलोय. अशाच एका पोर्टवर मी काम करायचो. एका नव्या, हुशार मुलाला दोन फंक्शनं जवळपास सारखी दिसली: खेळाडूच्या गोळीचं पी_गनशॉट आणि झॉम्बी सैनिकाचं ए_पॉसअटॅक. दोन्हींत नेम जरा हलवायचा, डॅमेज ठरवायचं, गोळी सोडायची. त्याने दोन्हींसाठी एकच सुबक हेल्पर (सामाईक फंक्शन) केला. मी म्हटलं, आधी डेमो चालवू. प्रोजेक्ट सांभाळणारे म्हणाले, "आकडे रँडमच आहेत, क्रम बदलला तर काय बिघडतं?" आणि पॅच मर्ज केला, म्हणजे तो बदल मुख्य कोडमध्ये घेतला.

बिघडलंच. डूममधलं रँडम म्हणजे 256 आकड्यांचं ठरलेलं टेबल, दर वेळी पुढचा आकडा उचलायचा. गनशॉटमध्ये डॅमेज आधी ठरतं, नेम नंतर हलतो. पॉसअटॅकमध्ये बरोबर उलटं. एकच हेल्पर केल्यावर एकाचा क्रम बदलला आणि टेबलातले आकडे भलत्याच कामाला लागले. आणि डेमो फाइलीत व्हिडिओ नसतो. सेकंदाला 35 टिक (खेळाची पावलं), आणि प्रत्येक टिकला खेळाडूने काय केलं, एवढीच नोंद. एका गोळीचं डॅमेज बदललं की मरायचा तो झॉम्बी जिवंत राहतो, आणि पुढे रेकॉर्डिंगमधला खेळाडू बंद दारावर धडका देत राहतो. लोकांनी वर्षानुवर्षं जपलेल्या स्पीडरन (कमीत कमी वेळात खेळ संपवल्याचे डेमो) त्या आवृत्तीत निकामी झाल्या. बायसेक्ट करून, म्हणजे मधल्या आवृत्त्या निम्म्या-निम्म्या करत तपासून, तो कमिट (कोडमध्ये नोंदवलेला बदल) मीच शोधला, तेव्हा कुठे रिव्हर्ट झाला, म्हणजे मागे घेतला गेला. "जुन्या कोडला चिकटून बसतोस" हे मात्र मला ऐकून घ्यावं लागलं, आणि ते मला आजही मान्य नाही.

मी साफसफाईच्या विरोधात नाहीच. मूळ कोडमध्ये नेम हलवायला 'पी_रँडम() वजा पी_रँडम()' असं लिहिलंय; पी_रँडम म्हणजे त्या टेबलातला पुढचा आकडा देणारं फंक्शन. यातला कुठला कॉल आधी व्हावा हे सी भाषा ठरवून देत नाही, त्यामुळे कंपायलर बदलला की उत्तराचं चिन्ह उलटू शकतं. मूळ गेमसारखंच हुबेहूब चालायचं ठरवलेल्या चॉकलेट डूम या पोर्टने त्यासाठी पी_सबरँडम हे वेगळं फंक्शन केलं, क्रम पक्का झाला. याला म्हणतात साफसफाई! तीच मंडळी मूळ गेममधले काही बफर ओव्हररनसुद्धा (मेमरीत ठरलेल्या जागेबाहेर लिहिण्याच्या चुका) मुद्दाम जसेच्या तसे घडवून आणतात, आणि तरी त्यांचा कोड वाचायला स्वच्छ आहे. दोन्ही एकत्र जमतं.

तेव्हा आधी गेमसोबत आलेले डेमो आणि शक्य तितक्या जुन्या स्पीडरन गोळा करा. चॉकलेट डूममध्ये स्टॅटडंप नावाचा पर्याय आहे, लेव्हल संपल्यावरचे किल, सीक्रेट, वेळ फाइलीत लिहून देतो. तसं काही तुमच्या पोर्टमध्ये बसवा आणि प्रत्येक कमिटला आकडे जुळवा. डिसेंबर 1997 मध्ये खुला झालेला मूळ कोड शेजारी उघडा ठेवा.

हे सगळं फक्त गेमप्लेच्या कोडपुरतं. मेनू, कॉन्फिग, आवाज हे खुशाल उलथंपालथं करा. तिथे रँडम लागलंच तर एम_रँडम आहे, त्याचा इंडेक्स (टेबलात कितव्या आकड्यावर आहोत ते) वेगळा आहे. जुने डेमो चालवायचं वचनच तुमच्या पोर्टने दिलं नसेल, तर गनशॉटसुद्धा बदलायला हरकत नाही, फक्त रिलीज नोट्समध्ये तसं स्पष्ट लिहा.