नोटीस आली म्हणून सॉफ्टवेअर बंद करू नका, आधी दावे वाचा

तुमची अडचण मला अशी समजली: जत्रेतल्या नाटकांचं थेट प्रक्षेपण तपासणारं सॉफ्टवेअर तुम्ही फोंड्यात बसून बनवलंत. प्रेक्षकाची नजर जिथे असेल तिथलेच चित्रदोष ते पकडतं, आणि आता एका परदेशी कंपनीने अमेरिकी पेटंट दाखवून पत्र धाडलंय. मी वकील नव्हे. पण अशाच एका पत्रापायी वकिलाच्या शेजारी बसून बरेच महिने काढलेत.

अमेरिकी पेटंट अमेरिकेपुरतं. तुमची यंत्रणा आणि गिऱ्हाइकं दोन्ही गोव्यात असतील तर त्याचा इथे अंमल नाही. तिकडे सेवा विकत असाल तर गोष्ट वेगळी. त्यांचा भारतीय अर्ज आहे का, ते पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. अर्ज प्रसिद्ध झालाय पण मंजूर नाही, तर विरोध कोणीही नोंदवू शकतो. मंजुरी प्रसिद्ध झाल्यावर मात्र 1 वर्षाची मुदत, तीही हितसंबंध असलेल्यालाच.

खरी मेख दाव्यांत असते, म्हणजे पेटंटवाला नेमका कशावर हक्क सांगतोय ते मांडणाऱ्या वाक्यांत. मी तेव्हा पेटंटचा नुसता सारांश वाचला आणि रात्रभर तळमळलो, कारण सारांशात आमचं सगळंच काम बसत होतं. वकिलाने पहिला दावा शब्दाशब्दाने फोडला, तेव्हा दिसलं की त्यात प्रेक्षकाचे डोळे कॅमेऱ्याने टिपायचे होते. आम्ही नजर कुठे जाईल याचा अंदाज चित्रावरूनच बांधत होतो. दाव्यातला एक घटक आमच्याकडे नव्हताच, म्हणून तो दावा आम्हाला लागू नाही असं आमचं म्हणणं. समोरचे 'दोन्ही एकच' म्हणून भांडले, ते भांडणारच.

नजरेपुरतेच दोष बघायची कल्पनाही काही कालची नाही. आपल्याला अगदी स्पष्ट दिसतं ते नजरेच्या मधल्या जेमतेम 2 अंशांत. राजा स्वगत म्हणत असताना मागच्या पडद्यावर चौकोन फुटले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. तेच त्याच्या चेहऱ्यावर फुटले की लगेच फोन सुरू! चित्रातली लक्षवेधी जागा संगणकाने शोधायचं प्रारूप इट्टी, कॉख आणि नीबर या संशोधकांनी 1998 सालीच मांडलं. त्यांचा शोध नवा नव्हता हे दाखवायला असे जुने शोधनिबंध गोळा करा, पण तारीख ताडून: पेटंटच्या अग्रक्रम तारखेच्या (सहसा पहिला अर्ज केला ती तारीख) आधीचे असतील तरच कामाचे.

'अल्गोरिदमला भारतात पेटंटच नाही' असं वरच्या उत्तरात कोणी लिहिलंय. नुसत्या अल्गोरिदमला पेटंट नाकारणारं भारतीय पेटंट कायद्याचं कलम 3(के) आहे खरं, पण 2019 च्या फेरिद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने तांत्रिक परिणामाकडे बघायला सांगितलं. तेव्हा एवढ्या एका कलमावर विसंबू नका.

पत्र नीट वाचा. 'आमचं असं पेटंट आहे' एवढंच कळवलं असेल तर कायद्याने ती धमकी ठरत नाही. बिनबुडाची धमकी असेल तर त्याच कायद्याच्या कलम 106 खाली तुम्हीच कोर्टात जाऊ शकता. पत्र कधी मिळालं ती तारीख लिहून ठेवा, कारण यापुढे 'आम्हाला ठाऊकच नव्हतं' म्हणता येणार नाही.

पेटंट क्रमांक आणि पहिला दावा इथे टाका, बघतो. तुमचं सॉफ्टवेअर आतून कसं चालतं ते मात्र इथे लिहू नका, समोरचेही वाचत असतील.