जुनं उकरून काढलं तर बाई अजून बिघडणार नाही का?

परवा एका आशाताईंचा फोन आला. त्यांच्या गावात घराला आग लागली होती, त्यातून वाचलेली एक बाई तीन महिने झाले धड झोपत नाही, चुलीजवळ जात नाही. आशाताईंना तिला माझ्याकडे थेरपीसाठी आणायचंय पण घरचे अडवतात. त्यांचं म्हणणं, "मॅडम तिले सारं पुन्हा सांगाले लावतीन, अन् बाई अजून बिघडन, त्यापेक्षा विसरू द्या." आशाताईंनाही तीच धास्ती. हा प्रश्न मला दर महिन्याला चार-पाच जण तरी विचारतात आणि प्रश्न चुकीचा अजिबात नाही, म्हणून एक अनुभवच सांगते. ज्यांचा आहे त्यांना विचारून लिहितेय, काही तपशील बदललेत. त्यांना आपण नुसतं ताई म्हणू.

चंद्रपूर जिल्ह्यातला धानाचा पट्टा, जंगलाला लागून गाव. एप्रिलमध्ये ताई आणि त्यांची धाकटी जाऊ पहाटे मोहफुलं वेचायला गेल्या होत्या. दोघी वाकून वेचत होत्या, मध्ये दहा-बारा पावलांचं अंतर. वाघाने जावेला उचललं. ताईंच्या डोळ्यांसमोर.

त्या माझ्याकडे आल्या जुलैमध्ये, आणि खरं सांगायचं तर वाघासाठी आल्याच नव्हत्या. रोवणीला जमत नाही म्हणून आल्या. चिखलात वाकलं की मानेमागे कुणीतरी आहे असं वाटायचं, छाती धडधडायची, हातातली पेंडी तिथेच टाकून बांधाकडे पळायच्या. दोन दिवस झाले, चार दिवस झाले, मग बायांनी गटात घेणं बंद केलं. रोजी बुडाली. घरी अंगण झाडता येत नव्हतं, कारण तिथेही वाकावं लागतं आणि वर वाळक्या पानांचा आवाज. आधी जाणत्याकडे नेऊन झालं होतं, एकाने झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या, त्याने रात्र निघायची पण दिवस तसाच.

पहिल्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी सगळी हकीकत सुरू केली, धाडधाड, एका दमात, पाठ केल्यासारखी. मी हात पुढे करून थांबवलं. त्या चमकल्याच. म्हणाल्या, "सांगाचं नाई का? साऱ्याईले सांगतलं." आणि खरंच होतं ते. पंचनाम्याला सांगितलं, वनविभागाला सांगितलं, मोबाईल घेऊन आलेल्यांना सांगितलं, तेराव्याला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितलं. तेव्हा घरचे जे म्हणतात ना की बोलून त्रास वाढतो, ते त्यांनी स्वतः बघितलेलं असतं हो. पण त्या सगळ्या बोलण्यात एकदाही कुणी विचारलं नाही की ताई थांबायचंय का, पाणी हवं का. ऐकणाऱ्याला माहिती हवी होती, बाईचं काय होतंय हे कुणी बघत नव्हतं. थेरपीतलं बोलणं ते नव्हे.

एक गोष्ट इथेच सांगते. मोठा धक्का बसला म्हणून लगेच दुसऱ्या दिवशी माणसाला बसवून "सांग सांग, मन मोकळं कर" असं करू नये, अशा एकदाच घेतलेल्या बैठकीने फायदा दिसत नाही, काहींना उलट त्रास होतो. तेव्हा लागतं ते जेवण, झोप, सोबत, पैशाचा आणि कागदपत्रांचा आधार, आणि बोलावंसं वाटलं तर ऐकणारं माणूस. बरीच माणसं पहिल्या महिनाभरात आपोआप सावरतात. महिन्याच्या पुढेही तीच दृश्यं डोळ्यांपुढे येत राहिली, दचकणं, टाळणं, झोप उडणं चालूच राहिलं आणि रोजची कामं अडली, तर मग पीटीएसडीचा, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणाऱ्या मनाच्या आजाराचा, विचार करायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली याबद्दल ज्या सूचना दिल्या त्यात झोपेच्या-घबराटीच्या त्या नेहमीच्या गोळ्या धक्क्यानंतरच्या पहिल्या महिन्यात या त्रासासाठी देऊ नका असंही आहे. आपल्याकडे नेमक्या त्याच आधी हातात पडतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

तर ताईंचं. पहिले तीन गुरुवार आम्ही वाघाबद्दल बोललोच नाही. उपकेंद्राच्या मागच्या खोलीत बसायचो. श्वास सावकाश सोडायला शिकवलं, पाय जमिनीवर दाबून बसायला शिकवलं, तांब्याचा गारवा हाताला जाणवतो का ते बघायला, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायला. दुसऱ्याच गुरुवारी याची परीक्षा झाली. बाहेर कुणीतरी सागाची पानं झाडत होतं, तो खर्रर्र आवाज आला आणि ताई खुर्चीतून उतरून टेबलामागे. डोळे उघडे, पण मी दिसत नव्हते त्यांना. मी जवळ गेले नाही, हात लावला नाही, फक्त हळू आवाजात म्हणत राहिले, ताई, आज गुरुवार आहे, आपण दवाखान्यात आहोत, हा तांब्या बघा. पाच-सात मिनिटं लागली. मग स्वतःच म्हणाल्या, "खराट्याचा आवाज व्हय."

भीती मोजायला आम्ही इथे शून्य ते शंभर आकडा विचारतो, पण शंभरातला आकडा ताईंना सुचेना. मग त्याच म्हणाल्या, आणेवारी लावतो तसं सांगू का? झालं, तेव्हापासून भीती आण्यात. आज बारा आणे, आज नऊ आणे.

पुन्हा का सांगायचं, हे समजावताना मला फार बोलावं लागलं नाही, मी धानाचं नाव काढलं आणि पुढचं त्यांनीच पूर्ण केलं. ओला धान ढोलीत भरून ठेवला तर आतून तापतो, सडतो, बाहेर काढून वाळवावाच लागतो. "पर भर पान्यात नाई काढाचा," त्या म्हणाल्या. अगदी तेच. पहिले तीन गुरुवार त्याचसाठी होते.

चौथ्या वेळी सुरू केलं. डोळे मिटायची सक्ती नाही, हवं तिथे थांबायचं, हात वर केला की मी थांबणार. सावकाश, पहाटेपासून, वास कसला होता, टोपली कुठल्या हातात होती. पहिल्यांदा सोळा आणे. दुसऱ्यांदाही सोळाच, आणि त्या आठवड्यात झोप अजून बिघडली. असं होऊ शकतं हे मी त्यांना आणि त्यांच्या नवऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर लोक इथेच सोडून देतात आणि म्हणतात बघा, बिघडली. पाचव्या-सहाव्यांदा अकरा आणे.

आणि मग ती जागा आली जिथे प्रत्येक वेळी त्यांची गाडी अडायची. त्या दिवशी जाऊ येणारच नव्हती, पाय दुखत होते तिचे. ताईंनी उठवलं. "मीनंच चाल म्हनली. मीनंच मारली तिले." हे त्यांनी पंचनाम्यात सांगितलं नव्हतं, नवऱ्याला नाही, जावेच्या नऊ वर्षांच्या पोरीला तर कसं सांगणार. चार महिने हेच आत होतं.

इथे "तुमचा काही दोष नाही हो" म्हणून उपयोग नसतो, ते सगळ्यांनी म्हटलेलं असतं. मी विचारलं, का उठवलंत? बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, गार्ड सांगून गेले होते, एकटीनं जाऊ नका, सोबत घेऊन जा. म्हणून उठवलं. मी म्हटलं, म्हणजे कशासाठी? त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "जपून राहाव म्हनून," असं म्हणाल्या आणि जे रडल्या ना, तसं एप्रिलपासून रडल्या नव्हत्या. त्या दिवशी मी दुसरं काही घेतलं नाही.

हे जे केलं त्याला नावं आहेत. आठवण सावकाश पुन्हा पुन्हा सांगणं आणि टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने जाणं ही एड्ना फोआ यांची प्रोलाँग्ड एक्सपोजरची रीत, "मीच मारलं" यासारखा अडकलेला विचार प्रश्न विचारून तपासणं ही पॅट्रिशिया रेसिक यांची कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, ती साधारण १२ सेशनची असते. तिसरी ईएमडीआर, ज्यात आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे फिरवतात. तिची सुरुवात फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ मध्ये केली. त्या २०१३ च्या सूचनांमध्ये मोठ्या माणसांच्या पीटीएसडीसाठी ईएमडीआर आणि धक्क्यावर नेमकं काम करणारी सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी बोलण्याची थेरपी), दोन्ही आहेत. ईएमडीआरचं ट्रेनिंग माझं नाही म्हणून मी करत नाही, कुणाला हवी असेल तर नागपूरला पाठवते. व्हिडिओ बघून घरी डोळे फिरवत बसू नका, कळकळीने सांगते. आणि जीव द्यायचे विचार येत असतील, दारू वाढली असेल, मारणारा माणूस अजून घरातच असेल तर आठवणीला हात लावायच्या आधी ते बघावं लागतं. तेव्हा जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार डॉक्टरांकडे जा, रात्रीबेरात्री १४४१६ ला फोन लावा, टेली मानसची लाईन आहे, फुकट, मराठीत बोलता येतं.

पायऱ्या कशा होत्या तर आधी सागाचं वाळकं पान हातात धरून चुरायचं. मग खोलीतच वाकून सुपातले तांदूळ निवडायचे, मी मागे उभी. मग अंगण, दिवसाउजेडी, पोरगी ओट्यावर बसलेली. इथे मला जपून राहावं लागलं, कारण ताईंची भीती नुसती मनातली नव्हती, वाघ खरंच आहे तिथे. पुस्तकात लिहिलंय म्हणून त्यांना पहाटे जंगलात पाठवणं हा गुन्हा झाला असता. आम्ही दोन याद्या बोलून ठरवल्या, एक नुसत्या भीतीची, दुसरी खऱ्या धोक्याची, अंगणातलं वाकणं कुठल्या यादीत, पहाटेचं जंगल कुठल्या.

दिवाळीच्या सुमारास धानकापणी सुरू झाली. ताई इळा घेऊन आठ बायांमध्ये उतरल्या, जंगलाकडच्या बांधावर एक जण लक्ष ठेवायला उभी. पहिल्या दिवशी अर्धाच दिवस. आठवड्याने पूर्ण रोजी.

पुढच्या मार्चमध्ये मोह पडायला लागला तेव्हा मी मुद्दाम भेटायला गेले. वेचायला गेल्या नव्हत्या. मी विचारलं, अजून भीती वाटते? म्हणाल्या, "भीती चार आनेच राह्यली मॅडम. पर वाघ सोळा आने हाये." जावेची पोरगी शेजारीच बसली होती, तिला ताई तिच्या आईचं सांगत होत्या, लग्नानंतर पहिल्यांदा रोवणीला आली तेव्हा चिखलात कशी पडली आणि कशी हसत सुटली ते.

आशाताईंना मी एवढंच म्हटलं, बाईला घेऊन या, पहिल्या दिवशी आगीबद्दल एक शब्द विचारणार नाही. चूल लांब असेल अशा खोलीत बसू. गुरुवारी येतायत.